पुढील सभेपर्यंत

अंबरनाथ पूर्वेला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, छतापासून तीन फूट खाली, खाटेएवढा स्लॅबचा तुकडा सतरा वर्षं हवेत थांबलेला होता. त्याला कशाचाही आधार नव्हता. नवीन पाहुणा आला की बाबा म्हणत, "वाकून या," आणि पाहुणा वाकून येई. एकदा वाकून आत आलेला माणूस सहसा कारण विचारत नाही.

बाबा कार्तिकात गेले. तेराव्यानंतर, पुण्याला परतण्यापूर्वी, मी त्यांचं कपाट आवरायला घेतलं आणि मंडळाचं इतिवृत्ताचं रजिस्टर हाती आलं. शेवटच्या नोंदीत लिहिलं होतं, 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब. पुढील सभा रविवार, सात डिसेंबर, सकाळी ठीक अकरा वाजता.' मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. सात डिसेंबरला बारा दिवस होते. मग मी वर पाहिलं.

हे मंडळ म्हणजे आम्ही. आठवीत असताना, एकाच वर्षी, आम्हा चार मुलांमध्ये शक्ती आल्या. सुयोग गायकर बोट दाखवून कोणतीही पडती वस्तू थांबवू शकत असे, मात्र कधीपर्यंत ते त्याला मोठ्याने सांगावं लागे. ठमी आगिवले जमिनीवर बसली की तिला कोणीही, कशानेही हलवू शकत नसे. सोनिया लालवानीला पुढची पाच मिनिटं दिसत. आणि मी, शलाका सोनटक्के, हात लावीन ती वस्तू हलकी होई. पिशवी, गोणी, एकदा एक गाभण म्हैस. कारण कोणालाच कळलं नाही. डॉक्टरांनी चौघांना कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या.

दुसऱ्या कोणाच्या वडिलांनी वर्तमानपत्राला फोन केला असता. माझे वडील, बाळाजी सोनटक्के, कारखान्यात फिटर होते आणि आमच्या सोसायटीचे तहहयात सचिव. त्यांनी मंडळाची घटना लिहायला घेतली. 'अद्भुत बालमित्र मंडळ, अंबरनाथ (पूर्व)'. सभासद पाच, गणपूर्ती चार. ठरावाशिवाय शक्ती वापरायची नाही. ठरावाला सूचक एक, अनुमोदक एक. हे आमच्या इतकं अंगवळणी पडलं की पुढे ठरावाशिवाय शक्ती चालेनाशाच झाल्या. फक्त सोनियाला न मागता दिसत असे, म्हणून ठराव क्रमांक दोननुसार तिला कायमची परवानगी देण्यात आली.

शहाडला पुलाच्या कठड्यावर अडकलेला एक टेम्पो आम्ही वाचवला, तो अनुमोदक ट्यूशनहून परत येईपर्यंत चाळीस मिनिटं लटकल्यानंतर. दरम्यान ड्रायव्हरने स्वतःच अनुमोदन देऊ केलं होतं. बाबांनी ते नियमबाह्य ठरवलं.

आमचे पोशाख सोनियाच्या वडिलांनी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यांतून शिवले. पाठीवर लांब फडका हवा, असा सुयोगचा हट्ट होता. बाबा म्हणाले की सैल कपड्यांमुळे माणूस मशीनमध्ये खेचला जातो. फडका रद्द झाला.

मंडळ फुटलं ते फ्लेक्सवरून. आम्ही दहावीत असताना सुयोगच्या काकांनी निवडणुकीआधी बदलापूर गावात आमच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. त्यावर सुयोग छातीपर्यंत, हात जोडून. खाली कोपऱ्यात सोनिया आणि मी दोन गोलांमध्ये. पुढची सभा त्याच विषयावर होती. आवाज इतके चढले की बाबांची टेबलावरची घंटा कोणाला ऐकू येईना, आणि त्या गोंधळात छताचा तुकडा सुटला. तो नेमका बाबांच्या खुर्चीवर येत होता. बाबांनी वर पाहत, एका दमात, ठराव मांडून स्वतःच अनुमोदन दिलं. त्यांनी मोडलेला तो एकमेव नियम. सुयोगने बोट दाखवलं आणि त्याला सुचलं ते तो ओरडला, "पुढील सभेपर्यंत!"

स्लॅब थांबला. भांडण थांबलं नाही. तिघंही चपला घालून निघून गेले आणि पुढची सभा कधी झाली नाही.

रजिस्टरमध्ये त्यानंतरची सोळा पानं एकसारखी होती. उपस्थित: बा. सोनटक्के. अनुपस्थित: चार नावं. तिसरं नाव माझं. मी दहावीनंतरही काही वर्षं त्याच घरात राहत होते. सभेच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालत, पाच खुर्च्या मांडत, अकराला घंटा वाजवत आणि नावं पुकारत. माझं नाव आलं की थोडं थांबत. मी आठ फुटांवर स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी असे. एकदा मी आतूनच म्हणाले, "बाबा, पुरे आता." त्यांनी मला अनुपस्थित लिहिलं, आणि ते बरोबरच होतं.

आता सात तारखेला सभेत तो उतरवायचा ठराव झाला नाही, किंवा सभा रीतसर तहकूब झाली नाही, तर मुदत संपून स्लॅब पडणार होता. तहकुबीचा अधिकार फक्त सचिवाला. सचिव नसल्यास सभेने नवा निवडावा, आणि सभेला चार जण हवेत. आमच्या खालच्या घरात कुंदामावशी राहतात, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दोन्ही बदललेले. मी त्यांना आठवडाभर भाचीकडे जायला सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या की बाळाजींनी सतरा वर्षं पडू दिला नाही, तो आता काय पडतोय. मी म्हटलं, बाबा नाहीत ना आता. त्या म्हणाल्या, "तू आहेस की." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मी पळवाट शोधली. प्रत्येक संस्थेच्या नियमांत ती असते: गणपूर्ती न झाल्यास अर्धा तास थांबून सभा तिथेच घ्यावी, मग संख्येची अट नाही. महाराष्ट्राचा निम्मा कारभार या अर्ध्या तासावर चालतो. आमच्या घटनेतही ते कलम होतं, नववं. बाबांनी ते लाल शाईने खोडलं होतं. समासात 'वगळले, बा. सो.' आणि पहिल्या तहकूब सभेची तारीख. म्हणजे त्या दिवशी अर्धा तास थांबून ते एकट्याने स्लॅबची मुदत कायमची वाढवून मोकळे होऊ शकले असते. त्यांनी कलमच काढून टाकलं आणि पुढची सोळा वर्षं स्लॅबखाली बसून जेवले.

मी पुण्याला रजा वाढवून मागितली.

सोनियाचं उल्हासनगरात बटण आणि चेनचं दुकान आहे. मी पोचले तेव्हा काउंटरवर दोन चहा आलेले होते आणि माझ्या चहावर बशी झाकलेली होती. समोरच्या गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत तिने त्याच्यापुढे पितळी बटणांचा डबा सरकवला. सतरा वर्षांनी भेटूनही तिने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं.

"अंकल गेले, और तू मला आत्ता सांगतेस," ती म्हणाली. मी अजून काहीच सांगितलं नव्हतं. मग ती म्हणाली, "तू रडणार नाहीयेस. मला दिसलं. म्हणून मी पण नाही रडत. कमीत कमी पाच मिनिटं."

तिने गल्ल्याखालून एक रबर लावलेला गठ्ठा काढला. पोस्टकार्डं. सतरा. दर वर्षी बाबा सभेची सूचना प्रत्येकाला पोस्टाने पाठवत होते. या वर्षीची त्यांनी दवाखान्यात जायच्या आधी टाकली होती. सात दिवसांची पूर्वसूचना बंधनकारक आहे, यावर त्यांचा फार भर असे. मला मात्र कधी कार्ड आलं नव्हतं. घरातल्या सभासदाला तोंडी सूचना चालते.

येशील का, असं विचारल्यावर सोनिया म्हणाली की सुयोग येणार असेल तर ती नाही. फ्लेक्सवर तिचा फोटो लिंबाएवढा होता आणि खाली नाव सोनाली छापलं होतं. तिच्या मामांनी तो पाहून घरी पेढे आणले होते आणि विचारलं होतं, ही सोनाली कोण. मी म्हटलं, सुयोगशिवाय स्लॅब उतरणार नाही. ती म्हणाली, "मग त्याला सांग, आधी माप घेऊन ये."

ठमी बारवी धरणाच्या बाजूला तिच्या पाड्यावर भेटेल असं वाटलं होतं. ती रस्त्यातच भेटली, म्हणजे रस्त्याच्या मधोमध बसलेली. ती आता सरपंच आहे. तिच्यापुढे खडीचे नऊ डंपर उभे होते आणि पहिल्याचा बंपर तिच्या खांद्याला टेकलेला होता. ड्रायव्हर खाली उतरून चहा पीत होते. डोंगर फोडायला ग्रामसभेचा विरोध होता, आणि ठमी दर वेळी रीतसर ठराव करूनच बसत असे. मंडळाचाच ठराव लागतो असं नाही, कोणताही कायदेशीर ठराव चालतो, हा शोध तिने एकटीने लावला होता. बाबांना तो फार आवडला असता.

ठरावात चार वाजेपर्यंत असं लिहिलेलं असल्याने तिला उठता येत नव्हतं. मी तिच्या शेजारी रस्त्यावर बसले. बाबांचं सांगितलं. एका ड्रायव्हरने हॉर्न दिला, तेव्हा तिने फक्त मान वळवली आणि त्याने तो बंद केला.

"आमच्याकडं पोस्टमन वर येत नाही. खालच्या दुकानात कार्डं ठेवतो," ती म्हणाली. "पण मिळाली सगळी. अनंता वाचून दाखवायचा आधी, हसायचा." अनंता तिचा नवरा. "मी नाही हसले."

मग का आली नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "सोनियाचा फोटो लिंबाएवढा होता ना? मी फ्लेक्सवर नव्हतेच. खाली लिहिलं होतं, आणि समस्त मित्रपरिवार. त्यात मी." थोड्या वेळाने ती म्हणाली की टेम्पो वाचवला तेव्हा चाक तिच्या मांडीवर होतं. त्याबद्दल एकट्या बाबांनीच तिला विचारलं होतं, दुखलं का म्हणून.

येते, असं तिने म्हटलं नाही. मात्र उठायच्या वेळी तिने माझ्याकडून सभेची वेळ पुन्हा विचारून घेतली.

सुयोगला शोधावं लागलं नाही. बदलापूर गावात शिरल्यापासून तो प्रत्येक खांबावर हात जोडून उभा होता. प्लॉट, फ्लॅट, वाढदिवस. ऑफिसात तो खुर्चीत मागे रेलून बसला होता, पण मला पाहून उठला आणि शर्टाची वरची दोन बटणं लावली, बाबांसमोर लावायचा तशी.

त्याच्या खणातही सतरा कार्डं होती. त्याने ती मला दाखवली नाहीत. खण अर्धा उघडला आणि बंद केला.

"दर साली वाटायचं जावं," तो म्हणाला. "पण सॉरी कधी बोलणार? विषयपत्रिकेवर तो विषयच नव्हता. बाळाजीकाका ऐनवेळचे विषय घेत नसत, तुला माहीत आहे."

ते खरं होतं. मग त्याने विचारलं की काका शेवटी त्याच्याबद्दल काही बोलले का. मला खोटं बोलता आलं असतं. मी सांगितलं की नाही बोलले, पण दर वर्षी पहिलं नाव त्याचंच पुकारत. त्याने टेबलावरचा पेपरवेट उचलला, खाली सोडला आणि त्याच्याकडे बोट दाखवलं. पेपरवेट काचेवर आपटला. "बघ," तो म्हणाला. मी म्हटलं, ठराव कुठे केलास?

रविवारी अकराला त्याच्याकडे एक भूमिपूजन होतं. बघतो, असं तो म्हणाला. बघतो म्हणजे नाही, हे मला वाचून नव्हे, या भागात वाढून माहीत आहे.

शनिवारी मी पाच खुर्च्या पुसल्या. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत मी बाबांचा हात धरून बसत असे. तो हात फार हलका लागे. ते माझ्यामुळे की आजारामुळे, हे मला कळत नव्हतं. ठराव नव्हता, तेव्हा माझ्यामुळे नसणार. तरी मी अधूनमधून हात सोडून पाहत असे.

रविवारी सोनिया साडेदहाला आली. पाठोपाठ ठमी, हातात यंदाचं कार्ड घेऊन, दाखवावं लागलं तर. दोघी वाकून आत आल्या. त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत, पण शेजारच्या खुर्च्यांवर बसल्या. पावणेअकरा वाजून गेल्यावर, म्हणजे अकराला दहा मिनिटं असताना, कुंदामावशी स्वतःची प्लास्टिकची खुर्ची घेऊन वर आल्या. पडणारच असेल तर खालून बघण्यापेक्षा वरून बघते, असं त्या म्हणाल्या, आणि त्यात तथ्य होतं. बाबांच्या खुर्चीवर कोणी बसलं नाही. सुयोगची रिकामी होती.

अकराला पाच कमी असताना सोनियाने डोळे बारीक केले. "येतोय तो," ती म्हणाली. "पण बरोबर काहीतरी मोठं आहे. दारातून मावत नाहीये."

पाच मिनिटं आम्ही जिन्यातला खरडल्याचा आवाज ऐकत बसलो. घड्याळाचा काटा बारावर गेला आणि स्लॅब बोटभर खाली आला. धूळ पडली. कुंदामावशींनी पदराने चष्मा पुसला. त्याच क्षणी दारात बारा फूट लांबीची लाकडी चौकट तिरकी झाली, अडकली, आणि तिच्याखालून सुयोग रांगत आत आला.

आम्ही चौकट आत ओढून भिंतीला टेकवली. तिच्यावर फ्लेक्स होता. वर बाबांचा फोटो, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, मोठा केल्याने थोडा पसरलेला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली एका ओळीत चार गोल.

"चारही सव्वा फुटाचे आहेत," तो धापा टाकत म्हणाला आणि खिशातून टेप काढला. "मोजून घ्या."

सोनियाने टेप घेतला. स्लॅब आणखी बोटभर उतरला. मी म्हटलं, सोनिया, नंतर. तिने चारही गोल मोजले, आडवे आणि उभे. मग नाव वाचलं. सोनिया लालवानी. ठमीने आपलं वाचलं: ठमी आगिवले, सरपंच. स्वतः सुयोग शेवटी होता, आणि त्याने हात जोडलेले नव्हते.

"ठीक आहे," सोनिया म्हणाली. "चालेल."

"सॉरी," सुयोग म्हणाला. "विषय ऐनवेळचा आहे."

मी घंटा वाजवली. माझा हात कसा तिकडे गेला मला माहीत नाही. ठमीने सचिवपदासाठी माझं नाव सुचवलं, सुयोगने अनुमोदन दिलं. ठराव मांडला: 'छताचा सुटलेला भाग सुरक्षितपणे खाली उतरवावा.' सूचक ठमी, अनुमोदक सोनिया. स्लॅब थरथरत होता, पण मी मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं. त्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सुयोगने बोट रोखलं. या वेळी विचार करून म्हणाला, "शलाकाचा हात लागेपर्यंत." स्लॅब एकदम स्तब्ध झाला. ठमी त्याच्या बरोबर खाली मांडी घालून बसली, निसटलाच तर तिच्यावर थांबावा म्हणून. मी स्टुलावर चढले, आणि स्लॅबची वरची बाजू पहिल्यांदा पाहिली. सतरा वर्षांत ती मी कधी पाहिलीच नव्हती. तिथे वर्तमानपत्र अंथरलेलं होतं आणि त्यावर आमचे चार पोशाख होते, इस्त्री करून घड्या घातलेले, प्रत्येकात डांबराच्या गोळ्या. वर्तमानपत्र याच वर्षीचं होतं.

मी ते खाली दिले. त्यातला एकही आता कोणाला झाला नसता. सुयोगने आपला घडी करून खांद्यावर ठेवला, ओझं उचलताना हमाल ठेवतात तसा. इतरांनीही ठेवले.

त्याच वेळी सोनियाने पर्समधून रुमाल काढून माझ्यापुढे धरला.

"मला नको," मी म्हटलं.

"पुढची पाच मिनिटं तरी नको," ती म्हणाली, आणि तो माझ्या कमरेला खोचला. मग कुंदामावशींना खुर्ची डावीकडे घ्यायला सांगितलं, कारण एक कोपरा सुटणार होता.

मी हात लावला. स्लॅब हलका झाला, भाजलेल्या पापडासारखा. कोपरा सुटला आणि कुंदामावशींची खुर्ची जिथे होती तिथे पडला, फार मोठा नव्हता. उरलेला आम्ही चौघांनी खांद्यावर घेऊन खाटेसारखा तीन मजले उतरवला. ठमी पुढे, म्हणून जिन्यावरचे लोक बाजूला झाले. एकाने हात जोडले. त्याचा काहीतरी गैरसमज झाला असावा, पण फार नाही. खाली कंपाउंडच्या भिंतीशी विटा होत्या, त्यांवर स्लॅब ठेवला. मी हात काढल्यावर विटा जराशा कुरकुरल्या.

सभा अजून संपलेली नव्हती, म्हणून आम्ही पुन्हा वर गेलो. हॉलमध्ये शिरताना चौघंही वाकलो. वर काहीही नव्हतं.

मी रजिस्टर उघडलं आणि विषयपत्रिका पाहिली. ती दर वर्षी तीच असे. पुढची सभा कधी घ्यायची, यावर सुयोग म्हणाला की डिसेंबरचा पहिला रविवार बरा आहे. ठमी म्हणाली की अकरा वाजता डंपर नसतात. ते लिहून झालं. एकच विषय राहिला होता. बाबांनी तो सोळा वर्षं प्रत्येक पानावर शेवटी लिहिला होता आणि घ्यायला कोणी नसल्यामुळे पुढे ढकलला होता.

मी वाचायला सुरुवात केली. "विषय क्रमांक सात. अनुपस्थित सभासदांची..."

मला पुढे वाचता येईना. माझ्या कमरेला रुमाल होता. सुयोगने रजिस्टर माझ्यासमोरून न ओढता, वाकून, उलट्या बाजूने वाचलं.

"अनुपस्थित सभासदांची रजा मंजूर करणे," तो म्हणाला. "अनुपस्थित, बाळाजी सोनटक्के. सूचक मी."

ठमीने अनुमोदन दिलं. कुंदामावशींनीही हात वर केला. त्या सभासद नव्हत्या, पण तो मी मोजला. मग रुमाल घडी करून बाजूला ठेवला आणि बाबांच्या पेनाने लिहिलं: ठराव एकमताने मंजूर.